सुरूवरचं घरटं

सुवार्ताबाई रणभिसे यांना चर्चमध्ये सगळे सजावटीच्या बाई म्हणूनच ओळखत. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता त्यांची निवृत्ती जवळ आली होती, पण चर्चच्या सजावटीतून निवृत्त व्हा असं त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. लग्नाची कमान असो, ईस्टरची फुलं असोत की नाताळची गव्हाणी, बाईंचा हात फिरल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे. आणि खरं सांगायचं तर बाईंना कौतुक आवडायचं. त्या ते लपवायच्या, पण आवडायचं.

त्या वर्षी, म्हणजे २००२ साली, ऑक्टोबरातल्या हंगामाच्या सणाला त्यांनी वेदीमागे एक मोठा पडदा रंगवला होता. त्यात नांगरलेलं शेत होतं, चिंचेचं झाड होतं, वरून बगळ्यांची रांग चालली होती आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'सृष्टीची राखण, हीच सेवा'. रेव्हरंड थोरातांनी उपदेशही त्याच विषयावर केला. देवाने माणसाच्या हाती ही बाग दिली ती ओरबाडायला नव्हे, सांभाळायला, असं ते बोलले. उपासना सुटल्यावर लोक अर्पणात आलेल्या भाज्यांच्या लिलावाकडे वळायच्या आधी पडद्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. बाई दाराशी उभ्या राहून सगळ्यांचे सलाम स्वीकारत होत्या.

नाताळ जवळ आला तशी तरुण संघाची बैठक झाली. संघाचा सेक्रेटरी अनुग्रह पाटोळे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता. त्याच्यासारखी आणखी पाच-सहा मुलं आता चांगला पगार घेत होती आणि देवासाठी काहीतरी मोठं करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"काकू, या वर्षी एकदम ग्रँड करू या," अनुग्रह म्हणाला. "दरवर्षी आपण नर्सरीतून सुरूची एक फांदी आणतो. मागच्या वर्षी माझ्या कलीगला घेऊन आलो होतो, तो म्हणाला, हा झाडू इथे कशाला उभा केलाय? यंदा खरं झाड आणू. छताला टेकणारं."

"आणि मिळणार कुठे?"

"हडपसरला. माझ्या कॉलेजमधला विश्वजीत आहे ना, त्यांची जमीन आयटी पार्कमध्ये गेली. बांधाला सुरूची अख्खी रांग आहे. जानेवारीत सगळी तोडणारच आहेत, परवानगीसुद्धा निघालीय. त्यातलं एक आपण आधी न्यायचं, एवढंच."

तसंही जाणारच आहे. हे वाक्य बाईंना फार सोयीचं वाटलं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी सकाळी टेम्पो, करवतवाले दोघे, अनुग्रह आणि बाई असे सगळे मुंढव्याच्या बाजूला त्या शेतावर पोचले. शेत म्हणायचं ते नावालाच. एका बाजूला मुरमाचे ढीग पडले होते, पत्र्याचं कुंपण निम्म्यावर आलं होतं आणि पलीकडे काचेच्या दोन इमारती उभ्या राहत होत्या. मधोमध विश्वजीतचं जुनं घर तेवढं शिल्लक होतं. त्याची आई मुक्ताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. विश्वजीत कामाला गेला होता, पण त्याने आईला सांगून ठेवलं होतं.

"कंचं बी घ्या," मुक्ताबाई म्हणाली. "समदीच जायाची हायेत."

बाई रांगेच्या कडेने चालू लागल्या. झाडं सरळसोट होती, पण बहुतेकांचा एका अंगाचा विस्तार झडलेला होता. एकच झाड असं होतं की खालपासून शेंड्यापर्यंत भरलेलं, चारी बाजूंनी सारखं, कुणी कात्रीने कापून ठेवावं तसं. बाई त्याच्यापाशी थांबल्या. वेदीच्या डाव्या बाजूला ते कसं दिसेल, दिवे कुठून सोडायचे, तारा किती मोठा लागेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"हे."

"त्ये नगा घेऊ," मुक्ताबाई ओट्यावरून म्हणाली. "त्याच्यावर घार बसतीया."

बाईंनी मान वर केली. शेंड्याच्या खाली, दोन फांद्यांच्या दुबेळक्यात, काटक्यांचा काळपट ढीग दिसत होता. त्यातून चिंधीचं एक टोक लोंबत होतं. आणि काटक्यांच्या काठावरून एक तपकिरी डोकं खाली वाकून त्यांच्याकडे बघत होतं. क्षणभरच. मग घार उठली, पंख पसरून झाडावरून एक घिरटी घातली आणि पुन्हा तिथेच येऊन बसली.

अनुग्रह मोबाईलवर बोलत होता. करवतवाले टेम्पोतून दोर काढत होते. घार उठताना आणि परत बसताना फक्त बाईंनी पाहिली. रिकाम्या घरट्यात पक्षी असा परत येऊन बसत नाही, एवढं कळायला पक्ष्यांचा अभ्यास लागत नाही. शेजारचं झाडही वाईट नव्हतं. एक बाजू भिंतीकडे केली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"जुनं घरटं असेल," बाई म्हणाल्या. "घ्या हेच."

झाड पडायला फार वेळ लागला नाही. करवत अर्ध्यात गेली, दोर ताणला, बुंधा करकरला आणि सुरू मऊशार आवाज करत आडवा झाला. बाई सगळ्यांच्या आधी शेंड्याकडे धावल्या, कुणालाही वाटलं असतं की शेंडा मोडला का ते बघायला धावल्या. घरटं फुटून काटक्या विखुरल्या होत्या. त्यात वायरीचे तुकडे होते, एक फाटका मोजा होता. आणि दोन पिल्लं होती. पांढुरक्या लोकरीची, चोच वाकडी. एकावर फांदी पडली होती, त्याची मान कलली होती. दुसरं पोटावर सरकत बाहेर आलं होतं आणि चोच उघडून बाईंकडे बघत होतं. भीतीने की भुकेने, कोण जाणे.

मागून पावलं वाजली. बाईंनी काय केलं? चपलेच्या टोकाने मेलेलं पिल्लू सुरूच्या पाल्याखाली सारलं. कचरा सारावा तसं. जिवंत पिल्लाच्या बाबतीतही पाय उचलला गेला होता, पण त्याने डोळे मिटले नाहीत. मग त्यांनी ते शालीत गुंडाळलं आणि सोनेरी ताऱ्यांसाठी आणलेल्या कापडी पिशवीत ठेवलं.

मुक्ताबाई पदराने हात पुसत जवळ आली. वर घार चिरक्या आवाजात ओरडत फिरत होती. आता दोन झाल्या होत्या.

"बाई, पिल्लं व्हती का वर?"

"नाही हो," सुवार्ताबाई म्हणाल्या. "रिकामं होतं."

पिशवी त्यांच्या खांद्याला होती. आतून काहीतरी हळूच हललं आणि त्यांच्या बरगडीला लागलं.

घरी त्यांचे यजमान शांतवन पेपर वाचत बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं तारेसारखं झालं होतं, शब्द मोजके आणि बातमी बहुधा वाईट. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवून शाल उलगडली. शांतवनांनी चष्मा वर केला.

"झाड आणायला गेली होतीस ना? घार घेऊन आलीस."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मेलेल्या पिल्लाचं सांगितलं, मुक्ताबाईला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. फक्त घरट्यावर घार बसलेली आधीच पाहिली होती, ते त्यांच्या तोंडून निघालं नाही.

शांतवनांनी फ्रीजमधला मटणाचा तुकडा काढून बारीक कापला. पिल्लाने तो चिमट्यातून असा ओढून घेतला की दोघं दचकले.

"हे परत नेऊन ठेव," ते म्हणाले. "शेजारच्या झाडावर टोपली बांधली तरी चालेल. आईबाप अजून तिथेच असतील. पिल्लाचा आवाज ओळखतात ते."

"मुक्ताबाईला काय सांगू? घरटं रिकामं होतं म्हटलंय मी."

"खोटं बोलले म्हण."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. आज झाड उभं करायचंय, उद्या कॅरल, मंगळवारी गव्हाणी. नाताळ होऊ दे. नेते लगेच."

बाई हाती घेतलेलं काम अर्धवट टाकणाऱ्या नव्हत्या हे शांतवनांना माहीत होतं. त्यांनी जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली आणि खोकं गॅलरीत ठेवलं.

झाड चर्चमध्ये उभं राहिलं तेव्हा खरंच सगळ्यांचा श्वास थांबला. शेंडा छताच्या तुळईला टेकला होता. फक्त दुबेळक्याची जागा उघडी पडली होती, तिथे बाईंनी सगळ्यात मोठा सोनेरी तारा लावला. आसपासच्या पानांवर विष्ठेचे पांढरे ओघळ वाळले होते. ते पुसले जाईनात, म्हणून त्यांच्यावर बाईंनी कापूस पसरला. महिला मंडळातल्या सरुबाई खालून बघून म्हणाल्या, "बाई, बर्फ काय हुबेहूब केलंय हो! आणि तेही बरोबर तिथेच, जिथे पडलं असतं." बाई शिडीवर उभ्या होत्या. त्यांनी शिडीचा दांडा घट्ट धरला.

पुढचे दिवस त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. करंज्या तळताना गॅलरीतून पिल्लाची शीळ यायची, लांबट, कापरी, शेवटी खाली येणारी. ती शीळ कुणाला तरी हाक मारत होती आणि ती हाक गॅलरीच्या जाळीपलीकडे जात नव्हती. कॅरलच्या रात्री गायनमंडळात बाई दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या, ओठ हलवत होत्या, आवाज काढत नव्हत्या. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांना चपलेचं टोक दिसायचं.

नाताळच्या उपासनेला चर्च गच्च भरलं. रेव्हरंड थोरातांनी उपदेशाआधी झाडाकडे हात करून म्हटलं, "आपल्या रणभिसेबाईंनी या वर्षी प्रभूच्या घरात अख्खं रान आणून उभं केलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये सहसा टाळ्या वाजत नाहीत. शांतवन शेजारीच बसले होते. त्यांनीही वाजवल्या, दोनदाच, आणि मग हात मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी रिक्षा केली. खोकं मांडीवर, शेजारी शांतवन आणि त्यांच्या हातात बांबूची टोपली. रस्ताभर बाई मुक्ताबाईला काय सांगायचं ते जुळवत होत्या, आणि पोचल्यावर त्यातलं काहीच बोलल्या नाहीत. खोकं उघडून ओट्यावर ठेवलं.

मुक्ताबाईने आत डोकावलं. मग बाईंकडे पाहिलं.

"इचारलं तवा रिकामं म्हनलात."

"खोटं बोलले."

"दोन व्हती?"

"एक मेलं. मी पाल्याखाली सारलं."

"ठाव हाय. कुत्र्यानं काढलं त्ये दुपारी." मुक्ताबाईने खोक्याचं झाकण लावलं. "उशीर केलात. त्या बुंध्यावर बसून व्हत्या दोघी. कुनाला जवळ येऊ देत न्हवत्या. आमच्या गड्याच्या डोस्क्यावर झडप घातली, रगत काढलं. काल सकाळपोतर व्हत्या. आज काय दिसल्या न्हाईत."

बाई आकाशाकडे बघत राहिल्या. आकाश रिकामं होतं. दूर काचेच्या इमारतीवरून क्रेनचा हात फिरत होता. तरी शांतवनांनी हट्टाने गड्याकडून शेजारच्या झाडावर टोपली बांधून घेतली, पिल्लू तिच्यात ठेवलं, आणि दोघं उन्हं कलेपर्यंत बांधावर बसून राहिले. पिल्लू शीळ घालत होतं. कुणी आलं नाही. एकदा एक घार दिसली तेव्हा बाई उठून उभ्याच राहिल्या, पण ती रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला उतरली.

"ती न्हवं," मुक्ताबाई म्हणाली. "ती येगळी जोडी हाय. त्या टोकाच्या झाडावर तिचं हाय घरटं. मला काय पुळका न्हाई हां त्यांचा, माझ्या कोंबडीची समदी पिल्लं न्हेली मेल्यांनी. पन त्या चार दिसांत वरडत व्हत्या ना, त्ये ऐकवत न्हवतं."

तिने दोघांना चहा केला. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

पिल्लू परत खोक्यात आलं. दुसऱ्या दिवशी शांतवनांनी चौकशी करून जखमी पशुपक्षी ठेवून घेणारी एक जागा शोधली, शहराच्या दक्षिण टोकाला. तिथल्या तरुण डॉक्टरने पिल्लाचे पंख उघडून पाहिले, ते ठीक असल्याचं सांगितलं आणि सहज विचारलं, "कुठे पडलेलं सापडलं?"

"सापडलं नाही," बाई म्हणाल्या. "झाड मी तोडायला लावलं. घार बसलेली दिसली होती. तरी लावलं."

शांतवनांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे ते पहिल्यांदाच ऐकत होते. पिल्लू तिथे ठेवून परतताना ते एवढंच म्हणाले, "दिसली होती तर."

"हो."

वर्षातला शेवटचा रविवार साक्षीचा असतो. ज्याला वाटेल त्याने उभं राहून सरत्या वर्षात देवाने काय केलं ते सांगायचं. कुणाला नोकरी लागली होती, कुणाचं ऑपरेशन पार पडलं होतं, एकाच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. दर साक्षीनंतर मंडळी आमेन म्हणत होती. सुवार्ताबाई उठल्या. त्या मोठ्या झाडाखालीच उभ्या होत्या, त्याची पानं आता तांबूस होऊन गळायला लागली होती.

"देवाने काय केलं ते मला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी काय केलं ते सांगायचंय."

आणि सांगितलं. घार, शेजारचं दुसरं झाड, चपलेचं टोक, खोटं उत्तर, ताऱ्यामागची जागा, कापूस. नाताळ होईपर्यंत थांबले म्हणून आईबाप निघून गेले, तेही. "ऑक्टोबरात मी इथेच, वेदीमागच्या पडद्यावर, राखण असं लिहिलं होतं. अक्षरं छान आली होती," एवढं बोलून त्या बसल्या.

आमेन कुणी म्हणालं नाही. मागे कुणीतरी खोकलं. रेव्हरंड थोरात लगबगीने पुढे आले, देव दयाळू आहे, पश्चात्ताप करणाऱ्याला तो दूर लोटत नाही, असं म्हणून त्यांनी छोटीशी प्रार्थना केली आणि गीत सुरू करायला सांगितलं. पेटीवाल्याने घाईत चुकीचा सूर धरला.

बाहेर चहाच्या वेळी बाईंभोवती एक मोकळं रिंगण पडलं होतं. सरुबाई आल्या. "अहो, घारच ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? माणसं मरतात इथे." अनुग्रहचा चेहरा उतरला होता. "काकू, मला आधी सांगायचं ना. आम्ही सगळ्यांनी किती मनापासून केलं होतं. आता नाताळच्या फोटोंकडे बघवणार नाही." मग त्याने स्वतःलाच समजावल्यासारखं म्हटलं, "जाऊ दे. पुढच्या वर्षी प्लास्टिकचं घेऊ. चायनाची मस्त येतात, फोल्डिंगची. प्रॉब्लेमच नाही."

मंडळी पांगल्यावर बाई वेस्ट्रीत, पाळकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, गेल्या. थोरात झगा काढून खुंटीला अडकवत होते.

"पाळकसाहेब, तुम्ही क्षमेची प्रार्थना केलीत. मला मिळाली असेलही क्षमा. पण त्या घारींचं काय?"

थोरातांनी झगा अडकवला, पुन्हा काढला, पुन्हा नीट अडकवला. "ते मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर तुम्ही बोलत होता तेव्हा हे लवकर संपावं असंच मला वाटत होतं. टाळ्या मीही घेतल्या होत्या त्या झाडावर. रान आणलं म्हणालो होतो." ते खुर्चीत बसले. "अजून काही उरलंय का तिथे? करण्यासारखं?"

बाईंना रांगेच्या टोकाचं झाड आठवलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या विश्वजीतला भेटायला गेल्या. पत्र्याच्या साइट ऑफिसात तो नकाशा पसरून बसला होता. तिशीचा, पांढरा शर्ट, दोन मोबाईल. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाईंनी सांगितलं की त्या टोकाच्या झाडावर घारीचं घरटं आहे, तेवढं झाड पिल्लं उडेपर्यंत ठेवा.

विश्वजीतने ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"काकू, राग मानू नका. पण या रांगेतलं पहिलं झाड तुम्हीच तोडलंत. आम्ही अजून एकालाही हात लावलेला नाही."

"हो. म्हणूनच आलेय."

"आणि मला काय अडवताय? सांगायचं तर त्यांना सांगा ना." त्याने पत्र्याच्या भिंतीपलीकडच्या काचेच्या इमारतींकडे बोट केलं. "तुमच्या अनुग्रहचं ऑफिस इथेच येणार आहे. त्याला पार्किंग पाहिजे असेल. ते तुमच्या त्या झाडांच्या जागीच होणार आहे."

बाई उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. बाहेर मिक्सर फिरत होता. विश्वजीतने एक फोन घेतला, दुसरा घेतला, नकाशाकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं.

"तोड त्या टोकापासूनच सुरू होणार होती," शेवटी तो म्हणाला. "उलटीकडून सुरू करायला सांगतो. भिंतीचं कामही मग इकडून घ्यावं लागेल. त्या टोकाला पोचायला फेब्रुवारी संपेल. तोवर उडाली तर उडाली. त्यापुढे मी थांबणार नाही. आणि आईच्या कोंबड्या नेल्या तर भरपाई तुमच्याकडून घेईन."

यातला शेवटचा भाग विनोद होता, हे बाईंना बऱ्याच वेळाने कळलं.

मग दर रविवारी उपासना सुटली की बाई हडपसरची पीएमटीची बस पकडायच्या. कधी शांतवन बरोबर असायचे. एकदा थोरात आले आणि चिखलात बूट बुडवून गेले. एकदा अनुग्रह बाइकवर आला, थोडा वेळ वर बघत उभा राहिला, आणि 'सॉरी काकू, मी त्या दिवशी नीट बोललो नाही' असं म्हणून गेला. पार्किंगचं त्याने काही काढलं नाही, बाईंनीही काढलं नाही. दर रविवारी रांग एका बाजूने आखूड झालेली असायची. उरलेल्या बुंध्यांभोवती लाकडाचा भुसा पडलेला असायचा. बाई त्या बुंध्यांच्या कडेने चालत टोकाला जायच्या, मान दुखेपर्यंत वर बघायच्या. घार त्यांच्यावर झडप घालायची नाही, पण बघायची. त्या नजरेची बाईंना कधी सवय झाली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी विश्वजीतचा फोन आला. "काकू, उद्या ते झाड पाडतोय. पिल्लं दोन होती. एक उडालंय. दुसरं शेंड्यावर नुसतं बसून आहे."

बाईंनी शाळेत रजा टाकली. त्या पोचल्या तेव्हा करवतवाले बिडी ओढत बसले होते. त्यांना घाई नव्हती, मजुरी दिवसाची होती. पिल्लू पाऊण वाढलेलं होतं, पंख पुरते आलेले. ते फांदीच्या टोकाशी सरकायचं, पंख पसरायचं, पुन्हा मागे यायचं. जेवणाच्या सुटीपर्यंत तेच चाललं. विश्वजीत येऊन घड्याळ बघून गेला, पुन्हा आला, आणि या खेपेला वर बघत उभा राहिला. मग वाऱ्याच्या एका झोतात ते पिल्लू फांदीवरून सुटलं. उडालं म्हणावं की पडलं, पहिल्यांदा कळलं नाही. बरंच खाली येऊन त्याने पंख मारले आणि रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर वेडंवाकडं जाऊन बसलं.

"झालं?" विश्वजीतने विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "थँक्यू."

करवत सुरू झाली. बाई तिथेच उभ्या होत्या. आपण थँक्यू कशाबद्दल म्हणालो, हे त्यांना कळेना. झाड पडलं तेव्हा खांबावरचं पिल्लू उडून गेलं होतं.

त्या आठवड्यात महिला मंडळाची प्रार्थनासभा रणभिसेंच्या घरी होती. बायका चटईवर बसल्या होत्या. सरुबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, उपकार मानायचे कुणाला काय आहेत, मागणं कुणाचं काय आहे? शांतवन आतल्या खोलीतून म्हणाले, "दोन पिल्लं उडाली, ते सांग की."

"ते उपकारांत नको," सुवार्ताबाई म्हणाल्या. "मागण्यात घ्या. आधीची जोडी होती ना, जिचं घरटं मी पाडलं, तिच्यासाठी. त्या कुठे गेल्या मला माहीत नाही."

कुणी हसलं नाही. सरुबाईंनी गीतपुस्तक मिटलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"घारीसाठी काय मागतात हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला येत नाही," बाई म्हणाल्या. "आठ आठवडे बसून बघतेय, येत नाही."

सरुबाईंनी थोडा विचार केला. मग डोळे मिटले आणि आजारी माणसासाठी करतात तशी, नाव न घेता, त्या दोघींसाठी प्रार्थना सुरू केली. आपण कुणासाठी मागतोय हे मध्येच विसरून त्या त्यांच्या औषधपाण्याबद्दलही मागून बसल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. सुवार्ताबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.